आजोळचं काळीज

माझ्या आजोळी मुलगा तालमीत घालायचा की नाही, हे त्याच्या छातीवर पंजा ठेवून ठरवत. आजोळ म्हणजे भीमेकाठचं एक गाव. पुढे त्यातलं बरंचसं उजनीच्या पाण्याखाली गेलं. पोरगा नऊ-दहा वर्षांचा झाला की घरातला कर्ता पुरुष त्याला उघडाबंब उभा करायचा, छातीच्या डाव्या बाजूला तळवा टेकवायचा आणि डोळे मिटून थांबायचा. काळीज तळव्याला ढुशी देत असेल तर पोरगा तालमीचा. नुसतंच लागत असेल तर शेताचा, आणि तेही नसेल तर शाळेचा. ढुशी जोरात असली की म्हणायचे, "काळीज बोलतंय." मुलींच्या छातीवर अर्थातच कोणी पंजा ठेवत नसे. त्यामुळे आमची काळजं बोलकी होती की मुकी, हे कोणालाच ठाऊक नव्हतं.

या परीक्षेत उत्तीर्ण झालेले माझे दोन मामा. दोघेही आईपेक्षा लहान, दोघेही पंचक्रोशीत नावाजलेले. थोरला एका जत्रेत कुस्ती मारून फेटा बांधून घ्यायला उभा राहिला आणि फेटा पुरता बांधून व्हायच्या आत खाली बसला. तो पुन्हा उठला नाही. धाकटा सुटलेल्या बैलामागे पळाला. बैल परत आला, मामा आला नाही. दोघांनीही तिशी पाहिली नाही. गावाने विचार करून ठरवलं की नजर लागली. एवढी भरदार छाती लोकांच्या डोळ्यांत सलणारच. आईने तर नजर कोणाची तेही ठरवून टाकलं होतं. शेजारच्या घरातली एक बाई, जिला मूल नव्हतं. त्या बाईशी आईने बोलणं टाकलं होतं, घरी बसून तिला शिव्या द्यायची, आणि माहेरी गेली की तिच्या दारावरून जाताना पदर तोंडाला लावायची.

थोरल्या मामाने जायच्या आधी एका उन्हाळ्याच्या सुट्टीत माझ्या धाकट्या भावाच्या छातीवर पंजा ठेवला होता. खरं तर ठेवायची गरज नव्हती. भावाचा सदरा डाव्या बाजूला हलताना लांबूनसुद्धा दिसायचा. मामाने डोळे उघडले, आईकडे पाहिलं आणि म्हणाला, "आक्का, ह्यो आपल्या घरचा हाय." आईच्या चेहऱ्यावर त्या दिवशी जो आनंद होता तो माझ्या मॅट्रिकच्या निकालाच्या वेळी काही दिसला नाही. मी हे तक्रार म्हणून सांगत नाही. आमच्या घरात कशाला किंमत होती ते कळावं म्हणून सांगते.

आम्ही राहायचो सोलापुरात, गिरणीच्या चाळीत. वडील गिरणीत कामाला आणि घरात श्रोते. भाऊ पेठेतल्या तालमीत वाढला. बदाम, दूध, तूप त्याला, उरलेलं आम्हाला. मी सात रस्त्याजवळच्या एका कचेरीत टायपिस्ट झाले होते आणि माझ्या पगारातलं बरंचसं त्याच्या दंडात गेलं असं मी हसत हसत म्हणायची. ते खोटं नव्हतं. पण तो लंगोट लावून अंगाला माती फासून उभा राहिला की मीसुद्धा नाक मुरडायचं विसरून बघत राहायची. एकविसाव्या वर्षी तो देखणा होता, आणि त्याला ते माहीत होतं.

त्याच सुमारास एका साखर कारखान्याने त्याला बोलावलं. तेव्हा कारखाने पैलवान पदरी ठेवायचे. खुराक, मानधन, वर कारखान्यात नाव लावायला एक नोकरी. चाचणीच्या कुस्तीला हजर राहायचं आणि येताना डॉक्टरचं प्रमाणपत्र आणायचं, एवढीच अट. माझ्या कचेरीच्या रस्त्यावर मुंबईहून शिकून आलेल्या एका तरुण डॉक्टरांनी नुकताच दवाखाना थाटला होता. गर्दी नव्हती, म्हणून मी भावाला तिथे नेलं. पाच मिनिटांचं काम आहे, अशी माझी समजूत.

डॉक्टरांनी छातीला नळी लावली आणि बोलायचे थांबले. नळी इकडून तिकडे सरकवली. मग म्हणाले, "बैठक घाल."

भाऊ खूश. त्याने धडाधड बैठका मारायला सुरुवात केली. डॉक्टर नळी सावरत त्याच्यामागे खालीवर होऊ लागले. "अरे, व्यायाम नको करूस. नुसता उकिडवा बस आणि तसाच राहा." तो बसला. डॉक्टर त्याच्यासमोर जमिनीवर उकिडवे बसले आणि ऐकत राहिले. "आता उभा राहा." पुन्हा ऐकलं. पुन्हा बसवलं, पुन्हा उठवलं. एवढे शिकलेले गृहस्थ आणि एवढा दांडगा पैलवान भर दुपारी समोरासमोर उठाबशा काढताहेत हे पाहून मला हसू आवरेना. डॉक्टर हसले नाहीत.

"घरात कोणी तरुणपणी अचानक गेलंय का?" त्यांनी मला विचारलं.

माझं हसू तिथेच थांबलं.

मग कार्डिओग्राम काढायचं ठरलं. मनगटांना आणि घोट्यांना पट्ट्यांनी पत्रे बांधले, छातीवर रबरी फुग्याच्या वाट्या दाबून बसवायच्या होत्या. त्या बसेनात. भाऊ सकाळीच तेलमालीश करून आला होता. वाटी चिकटवली की सुळकन घसरून पोटावर यायची. कंपाउंडरने स्पिरिटचा बोळा घेऊन त्याची छाती अशी घासली की ती लाल झाली. तेव्हा कुठे यंत्रातून कागदाची पट्टी सरकू लागली. त्यावरच्या रेघा एखाद्या ठिकाणी फार उंच, एखाद्या ठिकाणी फार खोल गेल्या होत्या. मला त्यातलं काही कळत नव्हतं. डॉक्टरांना कळत होतं, हे त्यांच्या तोंडावरून दिसत होतं.

त्यांनी आम्हाला साध्या शब्दांत सांगितलं. हृदय म्हणजेही मांसच. याच्या हृदयाची आतली भिंत जाड झाली असावी आणि रक्त बाहेर पडायच्या वाटेतच ती फुगली असावी. माणूस उभा राहिला की हृदयात रक्त कमी भरतं, वाट आणखी अरुंद होते आणि नळीतला आवाज वाढतो. उकिडवं बसलं की पायांतलं रक्त वर येतं, वाट मोकळी होते, आवाज मऊ पडतो. हृदयाच्या दुसऱ्या दोषांत आवाजाचं बहुधा असं होत नाही. "कुस्ती बंद करावी लागेल," ते म्हणाले. "जोर पडल्यावर एखाद्या दिवशी हे हृदय एकदम थांबू शकतं."

भाऊ शर्टाची बटणं लावत होता. "ह्ये समदं नळीतनं कळलं व्हय?" त्याने विचारलं.

संध्याकाळी तालमीचे वस्ताद घरी आले. सगळं ऐकून घेऊन त्यांनी पानाची पिंक टाकली आणि म्हणाले, "पैलवानाचं काळीज मोठं न्हाई आसनार तर काय मास्तराचं आसनार? तालमीनं दंड भरतो, मांडी भरते, मग काळीज भरनार न्हाई व्हय? डाक्टर नवीन हाय." वडिलांनी मान हलवली. आईने हलवली. मला राग आला, पण मनातून मलाही ते बोलणं पटण्यासारखं वाटलं.

दुसऱ्या दिवशी मी जेवणाच्या सुट्टीत दवाखान्यात जाऊन डॉक्टरांना तेच ऐकवलं. मला वाटलं, चिडतील. ते म्हणाले, "वस्तादांचं अगदीच चूक नाही. व्यायामाने हृदय वाढतं. म्हणून एकट्या मुलाच्या कागदावरून मी छातीठोक सांगणार नाही. मुंबईच्या मोठ्या इस्पितळात मांडीच्या शिरेतून नळी थेट हृदयापर्यंत नेऊन बघतात. पण तिथवर जायच्या आधी एक सोपी गोष्ट करू. ज्यांनी जन्मात तालीम पाहिलेली नाही, अशी तुमच्या आजोळच्या रक्ताची माणसं आणा."

तालीम न पाहिलेली आणि जिवंत असलेली अशी आजोळच्या रक्ताची दोनच माणसं सोलापुरात होती. आई आणि मी.

आई ठेवणीतलं लुगडं नेसून आली. दवाखान्यात बाई कोणी नव्हती आणि कंपाउंडरपुढे ती चोळीची गाठ सोडणं शक्य नव्हतं. शेवटी डॉक्टर पडद्याबाहेर उभे राहिले, वाट्या कुठे बसवायच्या ते तिथून सांगू लागले, आणि मी लावत गेले. आईची उघडी छाती मी कळत्या वयात कधी पाहिलेली नव्हती. डाव्या बाजूला, बरगड्यांच्या सांदीत, तिची कातडी उडत होती. भावाच्या सदऱ्याखाली उडायची तशीच. मला भीती वाटली. आई आढ्याकडे बघत म्हणाली, "लवकर आटप की गं. लाज वाटती."

मग डॉक्टरांनी पदरावरूनच नळी लावून तिला उकिडवं बसायला सांगितलं. आई चुलीपुढे बसावी तशी सहज बसली. "आता उभ्या राहा." ती गुडघ्यावर हात टेकून उठली. तिला पुन्हा बसवायची गरज पडली नाही.

मग माझा कागद काढला, तो सरळ, निर्दोष निघाला. आईचा आणि भावाचा त्यांनी टेबलावर एकाखाली एक ठेवला. वडीलही आले होते, भाऊ भिंतीला टेकून उभा होता. "तुम्ही कधी जोर-बैठका काढल्यात?" डॉक्टरांनी आईला विचारलं. आई लाजून हसली. "मग हे तालमीचं नव्हे. तालमीने यांची हृदयं जाड केली नाहीत. जाड हृदयाची मुलं तुम्हीच वेचून तालमीला घातलीत."

वडिलांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. आमच्या घराण्याचा अभिमान इतक्या सरळ वाक्यात उताणा पडलेला मी पहिल्यांदाच पाहत होते, आणि खरं सांगायचं तर मला क्षणभर बरंही वाटलं. मग मामांची आठवण आली आणि ते बरं वाटणं गेलं.

परतताना टांग्यात आईने मला विचारलं, "म्हंजी माज्या भावांस्नी नजर न्हवती लागली?"

"नाही."

ती म्हणाली, "मग मी त्या बाईला इतकी वर्सं शिव्या कशापायी दिल्या?"

पुढे बसलेल्या भावाने मागे वळून पाहिलं. त्याचे डोळे तांबारलेले होते. "आनि ह्ये माज्यात कुटनं आलं? तुज्याकडनंच आलं म्हन की."

आई "व्हय" एवढंच म्हणाली. त्याने तोंड फिरवलं. त्या क्षणी मला त्याच्या थोबाडीत द्यावीशी वाटली.

त्याने कुस्ती सोडली असं कोणाला वाटेल, तर तसं झालं नाही. डॉक्टरांनी प्रमाणपत्र नाकारलं, तेव्हा त्याने दुसरीकडून आणलं. त्या दुसऱ्या डॉक्टरने त्याच्या दंडाकडे पाहूनच सही केली असावी. चाचणीच्या कुस्तीचा दिवस ठरला. मी ओरडले, वडिलांनी एकदा हात जोडले. त्याचं म्हणणं एकच होतं की मरायचं तर कुटंबी मरतंय, मामा फेटा बांधून तरी मेला. एकविसाव्या वर्षी असलं बोलायला काही लागत नाही. गोळ्या दिल्या होत्या, त्या त्याने उशाखाली सारल्या. आईला दिलेल्या गोळ्या आई मात्र देवाच्या प्रसादासारख्या घेत होती.

निघायच्या सकाळी तो पिशवी भरत होता. लंगोट, तेलाची बाटली, प्रमाणपत्राची घडी. आई चुलीपुढून उठली. हात पदराला पुसले, पदर कमरेला खोचला आणि खोलीच्या मधोमध उभी राहून तिने बैठका मारायला सुरुवात केली.

पहिल्यांदा कोणाला काही कळलं नाही. तिच्या बैठका वेड्यावाकड्या होत्या. ती गुडघ्यावर हात ठेवून उठायची. वडील म्हणाले, "अगं, काय चाललंय?" ती थांबली नाही. भाऊ पिशवी हातात घेऊन उभा होता.

"आई, खुळी झालीस काय?"

"का?" ती बसता उठता बोलत होती. "दोगांचा कागद सारकाच हाय की. तुला चालतंय तर मलाबी चालतंय."

"थांब म्हनतो ना!"

"तू जा. गाडी चुकंल. तू येईस्तवर मी मारती."

तिच्या ओठांचा रंग बदलला होता. मी धरायला गेले तर तिने मला ढकललं. तिच्या अंगात एवढी ताकद असेल असं मला वाटलं नव्हतं. खाली बसली की तिला बरं वाटत असणार आणि उठली की डोळ्यांपुढे अंधारी येत असणार, हे मला डॉक्टरांच्या तोंडून कळलेलं होतं. तरी ती उठतच होती. शेवटी ती उठताना तोल जाऊन भिंतीकडे कलली आणि भावाने पिशवी टाकून तिला कवेत धरलं. तेलाची बाटली फुटली. खोलीभर तेल पसरलं आणि आम्ही चौघे त्यात उभे.

तो गेला नाही. पण यात काही गोड झालं असंही नाही. त्याने आईशी बोलणं टाकलं. मी ओरडले त्या दिवसापासून माझ्याशी टाकलं होतंच. वडिलांनी त्याला गिरणीच्या स्टोअरमध्ये चिकटवला. तो वेळेवर जायचा, वेळेवर यायचा, ताटात पडेल ते खायचा आणि गोळ्या घ्यायचा. दंड उतरत गेले. तालमीच्या बोळावरून जायला लागू नये म्हणून तो लांबच्या रस्त्याने घरी यायचा. आई त्याला वाढायची, तो मान खाली घालून जेवायचा, आणि दोघांच्या मध्ये मी बसून मीठ-भाकरीचे निरोप पोचवायची. आईला पाण्याच्या घागरी उचलायला डॉक्टरांनी मना केलं होतं, भावालाही. सरळ कागदाचं बक्षीस म्हणून सगळ्या घागरी माझ्या वाट्याला आल्या. आजोळच्या रोगाची गोष्ट बाहेर फोडायची नाही, हेही मला बजावण्यात आलं. माझं लग्न व्हायचं होतं.

वर्षभरानंतर डॉक्टरांनीच खटपट करून आम्हाला मुंबईला पाठवलं. तिथल्या एका इस्पितळात नवं यंत्र आलं होतं. छातीवर चिकट मलम लावून एक लहानसा दांडा टेकवायचा, की आतल्या भिंती कागदावर उमटायच्या. त्यात कुठे टोचणं नाही, कापणं नाही, नळी आत घालणं नाही. आई आणि भाऊ एकापाठोपाठ त्या टेबलावर झोपून आले आणि दोघांच्या कागदांवर मधली भिंत तशीच जाड दिसली. डॉक्टरांनी सोलापुरात उकिडवं बसवून जे ऐकलं होतं, तेच या कागदावर होतं. भाऊ त्या पट्टीकडे बराच वेळ बघत होता.

तो अहवाल घेऊन आम्ही पुन्हा सात रस्त्याच्या दवाखान्यात गेलो. आता दर वर्षी कार्डिओग्राम काढायचा आणि जुन्या पट्टीशी ताडून बघायचा असं ठरलं होतं. भावाचा काढून झाला. आई पडद्याआड टेबलावर बसली होती, मी तिच्या छातीवरचं मलम पुसून चोळीची गाठ मारली आणि पडदा सारला. डॉक्टर अहवालाशेजारी काहीतरी लिहून घेत होते. लिहिता लिहिता त्यांनी विचारलं, "आई, ही धडधड तुम्हाला पहिल्यांदा कधी जाणवली?"

आईला असलं काही आजवर कोणी विचारलेलं नव्हतं. मीही नाही. तिने माझ्याकडे पाहिलं.

"खरं सांगू व्हय?"

"सांगा ना."

"ह्यो पोटात व्हता तवा. उतानी पडली की हितं धाडधाड वाजायचं. मला वाटलं, ह्येचंच हाय. चाळीत समद्यांस्नी सांगत सुटली, पोटात पैलवान हाय म्हनून."

डॉक्टरांचं पेन थांबलं. भाऊ दाराशी चपला घालत होता, तो वाकलेलाच राहिला.

"आणि बाळंतपणानंतर? थांबलं नाही का?"

"न्हाई की," आई म्हणाली. "पन मला त्येचं काई वाटलं न्हाई. मला वाटलं, पोराचं थोडं माज्यातच ऱ्हायलं."

भाऊ एक चप्पल तशीच सोडून आत आला. "आई," तो म्हणाला, "चल, हळू उतर," आणि त्याने तिच्यापुढे हात केला.